वकिलातीतल्या नोकरीसाठी एजंट लागत नाही, जाहिरात नीट वाचावी लागते

ताई, सगळ्यात आधी एक सांगते, त्या एजंटला ४५ हजार देऊ नका. तुम्ही लिहिलंय की नाशिकला सहकारी बँकेत ४ वर्षं झालीत, एम.कॉम. आहे, जर्मन भाषेची बी-वन पातळी पास आहात, मुंबईत एखाद्या परदेशी वकिलातीत लागायचंय आणि हा माणूस म्हणतोय आत माझी ओळख आहे. कुठलीही वकिलात उमेदवाराकडून अर्जाची फी, रजिस्ट्रेशन, डिपॉझिट असलं काही घेत नाही. अमेरिकन वकिलातीतून येणारा मेल स्टेट डॉट गव्हवरून येतो, ब्रिटिशांच्या मेलच्या पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट यूके असतं, जीमेलवरून ऑफर लेटर आलं आणि त्यात बँक अकाऊंट नंबर दिला असेल तर ते थेट सायबर पोलिसांकडे द्या. माझ्या ओळखीच्या एका मुलाचे असेच पैसे गेले, वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढून दिले होते, म्हणून हे इतकं जीव तोडून लिहितेय.

मी मुंबईतल्या एका कॉन्सुलेटमध्ये १२ वर्षं आहे, आधी व्हिसा सेक्शन आणि आता अकाऊंट्स. कुठलं ते लिहीत नाही, तसा नियम आहे.

तुम्ही विचारलंय यूपीएससी द्यावी लागते का. नाही. यूपीएससीतून आपली फॉरेन सर्व्हिस होते, म्हणजे भारताच्या वकिलाती परदेशात असतात तिथे जायचं. हे उलटं आहे, त्यांचं ऑफिस आपल्याकडे आणि तिथे त्यांच्या देशातून येणारे थोडे अधिकारी, बाकी आपल्यासारखे लोकल स्टाफ. मुख्य दूतावास म्हणजे एम्बसी दिल्लीत, मुंबईत त्यांचं शाखेसारखं ऑफिस म्हणजे कॉन्सुलेट जनरल, आणि कॉमनवेल्थमधले देश एकमेकांकडे एम्बसी न म्हणता हाय कमिशन म्हणतात, म्हणून ब्रिटिशांचं मुंबईतलं ऑफिस डेप्युटी हाय कमिशन. शोधताना हा फरक माहीत असायला हवा, कारण नुसतं "एम्बसी जॉब्ज मुंबई" टाकलं की निम्म्या त्या एजंटांच्याच साइट उघडतात. आणि व्हीएफएस म्हणजे वकिलात नव्हे हं, ती प्रायव्हेट कंपनी आहे, कागद आणि बोटांचे ठसे घेऊन पुढे पाठवते, व्हिसा द्यायचा की नाही ते तिथे ठरत नाही. तिथला अनुभव मात्र व्हिसा सेक्शनच्या पोस्टला चांगला उपयोगी पडतो, आमच्याकडे तिथून आलेले दोघं आहेत.

आता मुख्य मुद्दा, जो मला स्वतःला कळायला दोन वर्षं लागली. "वकिलातीत नोकरी" असं काही नसतंच. असते ती एक पोस्ट. व्हिसा असिस्टंट, कॅशियर, व्हाऊचर तपासणारा, खरेदी विभागातला, ड्रायव्हर, शिपिंगवाला, प्रेस आणि कल्चरल सेक्शनचा, ट्रेड ऑफिसर, इलेक्ट्रिशियनसुद्धा. ती खुर्ची रिकामी झाली की त्याच खुर्चीची जाहिरात निघते आणि त्याच खुर्चीसाठी अर्ज वाचले जातात. "मला तुमच्या प्रतिष्ठित संस्थेत काम करायची इच्छा आहे, सोबत सीव्ही जोडला आहे" असे मेल रोज येतात, ते कुठल्याच फाईलला लागत नाहीत, कारण लावायला फाईलच नसते.

माझा पहिला अर्ज अकाऊंट्सच्या पोस्टसाठी होता. काम मला सगळं येत होतं, पण फॉर्ममध्ये मी लिहिलं "अकाऊंट्स विभागात कार्यरत". बस एवढंच. जाहिरातीत मागितलं होतं की बिलं तपासणं आणि पेमेंट करणं याचा तीन वर्षांचा अनुभव. मला वाटलं अकाऊंट्स म्हटल्यावर ते आलंच की त्यात, वाचणाऱ्याला कळेल. नाही कळत, आणि त्याने गृहीत धरायचंही नसतं, कारण शेकडो अर्ज येतात आणि सगळ्यांना एकच फूटपट्टी लावायची असते. पहिल्या चाळणीत फक्त एवढं बघतात की जाहिरातीतल्या प्रत्येक अटीसमोर फॉर्ममध्ये पुरावा आहे की नाही. एकाही अटीसमोर काही सापडलं नाही की अर्ज बाजूला, मग तुम्ही कितीही हुशार असा. आता मी आतून ही चाळणी बघते आणि दर वेळी चांगली चांगली माणसं ह्याच कारणाने गळतात, फार वाईट वाटतं.

म्हणून जाहिरात प्रिंट करा, प्रत्येक अटीखाली पेन्सिलने रेघ मारा आणि समोर तुमच्या कामातलं नेमकं काय त्यात बसतं ते लिहा. महिन्यांसकट तारखा टाका, २०२१ ते २०२३ असं लिहिलं तर ते तेरा महिने पण असू शकतात आणि पस्तीस पण. तुमचंच उदाहरण घ्या. "बँकेत क्लार्क" असं लिहू नका. काऊंटरवर रोज साधारण किती लोक यायचे, केवायसीचे कागद तुम्ही तपासायचात का, खोटा किंवा अपुरा कागद कधी पकडलात का, चिडलेल्या खातेदाराशी कसं बोललात, संध्याकाळी कॅश जुळवायची जबाबदारी कोणाची होती. हे सगळं व्हिसा सेक्शन आणि कॅशियर दोन्ही पोस्टना हवं असतं, आणि तुमच्याकडे ते आहे, फक्त तुमच्या सीव्हीत ते कुठेच दिसत नाहीये.

जाहिरातीत एक ओळ असते की अर्ज कोणासाठी खुला आहे, ती आधी वाचा. काही पोस्ट फक्त आतल्या स्टाफसाठी असतात, तिथे वेळ घालवू नका. अमेरिकनांच्या जाहिरातीत त्यांच्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबियांना आणि त्यांच्याच माजी सैनिकांना प्राधान्य असं लिहिलेलं असतं, त्याने घाबरू नका, सगळ्यांसाठी खुली असेल तर बिनधास्त भरा.

कुठे बघायचं? अमेरिकन कॉन्सुलेट २०११ पासून बीकेसीत आहे, आधी ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होतं, पण प्रत्यक्ष जाऊन अर्ज देता येत नाही. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद सगळ्यांच्या व्हेकन्सी दूतावासाच्या वेबसाइटवर नोकरीच्या पानावर असतात आणि अर्ज ईआरए नावाच्या ऑनलाईन सिस्टीममधून जातो. ब्रिटिशांचं त्यांच्या परराष्ट्र खात्याचं वेगळं पोर्टल आहे, तिथे अनुभवाबरोबर प्रसंग लिहायला सांगतात, परिस्थिती काय होती, तुम्ही स्वतः काय केलंत, काय निष्पन्न झालं. इथे आपली माणसं "आम्ही केलं, टीमने केलं" लिहितात, तिथे मी लिहा, संकोच करू नका. छोट्या कॉन्सुलेटची जाहिरात फक्त त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर येते आणि लवकर बंद होते, म्हणून दहाबारा पानं बुकमार्क करून दर सोमवारी बघायची सवय लावा. मला माझी पोस्ट अशीच सोमवारी दिसली, शेवटची तारीख गुरुवार होती.

तुमच्या जर्मनबद्दल. बी-वन ही चांगली सुरुवात आहे पण ऑफिसचा पत्रव्यवहार करायला माझ्या मते बी-टू तरी हवं, तेवढं करून टाका, नाशिकहून जमत नसेल तर पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनचे, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या संस्थेचे, ऑनलाईन वर्ग बघा. आणि फक्त नरिमन पॉइंटच्या जर्मन कॉन्सुलेटवर डोळे लावून बसू नका. इंडो-जर्मन चेंबर, म्हणजे दोन्ही देशांतल्या व्यापाराची संस्था, १९५६ पासून मुंबईत आहे, पुण्यातही ऑफिस आहे, भाषा आणि कॉमर्स दोन्ही असलेल्या माणसाला तिथे वाव आहे. जपानी येणाऱ्यांसाठी जेट्रो ही जपानची व्यापार संस्था, फ्रेंचवाल्यांसाठी आलियाँस फ्रान्सेज ही फ्रेंच भाषेची संस्था, गोव्यातल्या पोर्तुगीज येणाऱ्यांसाठी पणजीचं पोर्तुगालचं कॉन्सुलेट, अशा जागा लोकांच्या लक्षातच येत नाहीत.

शॉर्टलिस्ट झालात तर लेखी टेस्ट होऊ शकते, आमच्याकडे एक्सेल आणि एक मेल ड्राफ्ट करायला देतात. मुलाखत पॅनल घेतं आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारून मार्क देतं, म्हणून समोरचा हसला नाही तर खचू नका, तो लिहीत असतो. मोबाईल बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, तो सांभाळायला कोणाला तरी सोबत न्या. निवड झाल्यावर सिक्युरिटी चेक आणि मेडिकल, याला आठवडे नाही तर महिने लागू शकतात, आणि ते संपून लेखी पक्कं पत्र हातात येईपर्यंत बँकेचा राजीनामा अजिबात देऊ नका. माझ्या एका सहकाऱ्याने फोनवर निवड कळल्याबरोबर दिला आणि पाच महिने बिनपगारी काढले, घरात लहान मूल होतं. फॉर्ममध्ये गॅप किंवा जुना पत्ता लपवू नका, चेकमध्ये ते निघतंच आणि मग गॅपमुळे नाही तर लपवल्यामुळे नोकरी जाते.

इथे लागल्यावर आपल्याला किंवा घरच्यांना त्या देशाचा व्हिसा सोपा होतो का, तर नाही. आणि लागलात की नातेवाईकांचे फोन सुरू होतील, "आमच्या पिंट्याचं जरा बघ ना". व्हिसाचा निर्णय त्या देशाचा अधिकारीच घेतो, आपण त्यात बोट घालायचं नाही, कोणाची फाईल उघडून बघायची सुद्धा नाही, त्याने नोकरी जाते. सख्ख्या मावशीला मी नाही म्हटलंय, दोन वर्षं ती बोलत नव्हती.

पगार सहसा जाहिरातीत दिलेला असतो, टॅक्स मात्र माफ नसतो. बऱ्याच वकिलाती टीडीएस कापत नाहीत, त्यामुळे ॲडव्हान्स टॅक्स आपणच भरायचा, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितलं नाही आणि व्याज भरावं लागलं. प्रमोशनही आपोआप नसतं, वरची पोस्ट रिकामी झाली की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. अधिकारी दोनतीन वर्षांनी बदलून जातात, काम टिकतं ते लोकल स्टाफच्या लक्षात, आणि मला या नोकरीतलं तेच आवडतं.

वय तीस आहे म्हणून उशीर झाला असं वाटून घेऊ नका, मी ३४ व्या वर्षी लागले. या आठवड्यात सगळ्यांसाठी खुली असलेली एक जाहिरात निवडा, बँकेच्या कामाचा तो परिच्छेद अटींसमोर ठेवून पुन्हा लिहा आणि पाठवण्याआधी मला दाखवा, मी ओळ न ओळ वाचून सांगेन.