लायब्ररी नीट बनली तरी 'अनडिफाइन्ड रेफरन्स' का येतो?

तू विचारलंयस की सी ची स्टॅटिक लायब्ररी मेन डॉट सी ला जोडताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स', म्हणजे फंक्शन सापडत नाही अशी एरर का येते. तुझी लायब्ररी व्यवस्थित बनलीये, एनएम (फाइलमधली नावं दाखवणारी कमांड) चालवल्यावर फंक्शनच्या नावाशेजारी टी, म्हणजे त्याचा कोड इथेच असल्याची खूण, दिसतोय म्हणतोयस ना, मग कोड आत आहेच. घोळ लिंक करायच्या कमांडमध्ये आहे, डॅश एल वालं, म्हणजे लायब्ररीचं, नाव तू मेन डॉट सी च्या आधी लिहिलंयस. ते शेवटी टाक, बहुतेक तेवढ्यानेच भागेल.

आता का ते सांगतो. स्टॅटिक लायब्ररी म्हणजे एआर या कमांडने बांधलेलं डॉट ओ, म्हणजे कंपाइल झालेल्या, फाइल्सचं गाठोडं, दुसरं काही नाही. लिनक्सवरचा नेहमीचा लिंकर, म्हणजे हे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारा, कमांड डावीकडून उजवीकडे वाचतो आणि लायब्ररीपाशी आला की एवढंच बघतो की आत्तापर्यंत कुठली नावं सापडायची राहिलीयेत, ती ज्या डॉट ओ मध्ये असतील तेवढ्याच उचलतो, बाकीच्या तिथेच सोडून पुढे जातो. तुझ्याकडे त्याने तोवर मेन वाचलंच नव्हतं, त्यामुळे काहीच उचललं नाही, आणि नंतर मेनमध्ये कॉल दिसला तरी तो मागे फिरत नाही. मित्राच्या मॅकवर हीच कमांड चालली म्हणतोस, त्यात नवल नाही, तिथला लिंकर क्रम बघत बसत नाही.

दोन लायब्रऱ्या एकमेकींवर अवलंबून असतील तर पहिलीचं नाव शेवटी परत एकदा लिही, दिसायला विचित्र आहे पण चालतं.

अजून एक, हे लोकांना फार उशिरा कळतं. एआर ला आर सी एस देतोस त्यातला आर फक्त त्याच नावाची जुनी फाइल बदलतो. उद्या तू एखाद्या डॉट सी फाइलचं नाव बदललंस तर जुनी डॉट ओ आतच पडून राहते आणि मग कधी जुनाच कोड चालतो, कधी मल्टिपल डेफिनिशनची, म्हणजे एकच फंक्शन दोनदा सापडल्याची, एरर येते, आणि माणूस हेडर तपासत बसतो. म्हणून मेकफाइलमध्ये एआर च्या आधी जुनी डॉट ए, म्हणजे स्टॅटिक लायब्ररीची फाइल, सरळ उडवायची, माझं तरी हेच मत. आत काय काय आहे ते एआर टी ने दिसतं.

आणि हो, त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची डॉट एसओ (प्रोग्रॅम चालताना जोडली जाणारी शेअर्ड लायब्ररी) पण असेल तर डॅश एल आधी तीच उचलतं, डॉट ए कडे बघतही नाही. स्टॅटिकच हवी असेल तर डॅश एल सोड आणि डॉट ए चा पूर्ण पाथच दे, अर्थात तोही मेन डॉट सी च्या नंतरच.