पोरगं समुद्रावर गप्प का बसलं?

रावेर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. केळीला बरा भाव मिळाला म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सगळे दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनला दिराकडे गेले. विमानतळावरून शहरात येताना रस्त्यालगत पत्र्याच्या खोपट्या संपता संपेनात आणि पुढे कॅम्प्स बेच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड केलेले बंगले. गाडी लावली तिथे पिवळं जाकीट घातलेला एक माणूस राखण करत होता. तेरा वर्षांच्या मुलाने त्याला घर कुठे म्हणून विचारलं. खायेलित्शा, तो म्हणाला. म्हणजे तिकडच्या पत्र्याच्या वस्त्यांतलाच. मग पोरगं ना पाण्यात गेलं, ना आइस्क्रीमला हात लावला. घरी आल्यावरही विचारतं, "आपण वाईट आहोत का?" मिस्टर चिडलेत, एवढा पैसा घालून गेलो अन् हा तोंड पाडून बसला. सासूबाई म्हणतात, दृष्ट लागली. ताईंचा प्रश्न: आम्ही जायलाच नको होतं का?

ताई, गेलात ते बरं केलंत. पैसा कष्टाचा, घर दिराचं, लाज कसली? (पाण्यात गेला नाही हे तर शहाणपणच. तिथला समुद्र भर उन्हाळ्यातही हाडं गोठवतो.) सासूबाईंनाही दृष्ट काढू द्या, मीठ-मोहरीने कुणाचं नुकसान होत नाही.

पण "जगात गरीब-श्रीमंत असायचेच" हे तुम्ही त्याला दिलेलं उत्तर मला पटलं नाही. त्या वस्त्या आपोआप उगवलेल्या नाहीत. कोणत्या वर्णाच्या माणसाने कुठे राहायचं हे 1950 च्या कायद्याने सरकार ठरवू लागलं. शहरातच डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची नांदती वस्ती होती. 1966 मध्ये ती गोऱ्यांसाठी राखीव केली आणि 60,000 हून जास्त माणसं उठवून शहराबाहेरच्या रेताड सपाटीवर नेऊन टाकली. किनारेसुद्धा वाटलेले होते, ते सगळ्यांना खुले झाले 1989 मध्ये. त्याआधी गेला असता तर तुम्हालाही त्या वाळूवर बसू दिलं नसतं, कारण भारतीयही गोऱ्यांत मोडत नव्हते. कायदे गेले, जमिनी आणि बंगले बहुतेक ज्यांचे होते त्यांच्याकडेच राहिले. हे सगळं त्याला सांगा, तेराव्या वर्षी कळतं. आणि त्या राखणदाराला पगार नसतो, गाडीवाले देतील तीच कमाई. दिराने त्याच्या हातावर काय ठेवलं, हे पोराने पाहिलं असणार.

आता तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. आल्यापासून तो मळ्यात सालदाराच्या मुलाजवळ जाऊन बसतो, "हेही खूळ त्यातलंच". मी तिथे थांबले. सातपुड्यातून आलेलं ते पावरा कुटुंब तुमच्या बागेतल्या एका खोलीत राहतं, असं तुम्हीच लिहिलंय. त्या खोलीला मोरी आहे का? तो मुलगा शाळेत जातो की घडं वाहायला? त्याच्या बापाचा चहाचा कप तुमच्या मांडणीत असतो की बाहेर खुंटीला? तुमचा मुलगा आता हे बघायला लागलाय. त्याला ओरडू नका, आणि जुने कपडे देऊन विषय मिटवूही नका.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदारकीचा हिशोब होईल, नवं साल ठरेल. त्या दिवशी पोराला वडिलांशेजारी बसवा. तो प्रश्न विचारेल, मिस्टरांना ते आवडणार नाहीत. विचारू द्या.