एमएसडब्ल्यूच्या फिल्डवर्कमध्ये वस्तीचा जीआयएस नकाशा कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहात, फिल्डवर्क सोलापुरातल्या एका वस्तीत आहे, गाइडनी 'वस्तीच्या गरजा जीआयएस वापरून मांडा' असं सांगितलंय आणि तुम्हाला कॉम्प्युटरचं फारसं येत नाही. आधी ती धास्ती सोडा. जीआयएस म्हणजे प्रत्येक ठिकाणाला माहिती जोडून कॉम्प्युटरवर केलेला नकाशा. यातला सॉफ्टवेअरचा भाग थोड्या दिवसांत जमतो. खरा कस लागतो वस्तीत फिरताना, आणि ते तुम्ही तसंही करणारच आहात. मी बरीच वर्षं शहरी वस्त्यांमध्ये पाणी आणि शौचालयांच्या कामात आहे, त्यामुळे उदाहरणं त्यातलीच देते.

नकाशा हे आपल्या क्षेत्राचं जुनं हत्यार आहे. शिकागोच्या हल हाउस या गरीब वस्तीतल्या समाजसेवा केंद्राच्या कार्यकर्त्यांनी १८९५ मध्ये आजूबाजूच्या गल्ल्यांचे नकाशे प्रसिद्ध केले. कोणतं कुटुंब कुठल्या देशातून आलंय, आठवड्याची मजुरी किती मिळते, हे घरोघर विचारून त्यांनी नकाशे रंगवले होते. त्याही आधी, १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले आणि ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेले दिसले. ही गोष्ट तुम्हाला वर्गात सांगितली असेल. हेन्री व्हाइटहेड या तिथल्या तरुण पाद्र्याचं नाव मात्र क्वचित निघतं. त्याला सुरुवातीला स्नोचं म्हणणं पटलंच नव्हतं. पण तो त्या गल्ल्यांतल्या माणसांना ओळखत होता, पुन्हा पुन्हा घरी जाऊन विचारू शकत होता. पंपाजवळच्या एका घरातल्या आजारी तान्ह्या बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी विहिरीलगतच्या मैलाखड्ड्यात टाकलं जात होतं, हे त्यानं शोधून काढलं. कुठे बघायचं हे नकाशानं दाखवलं, तिथे काय घडलं ते पाद्र्यानं उलगडलं. फिल्डवर्कमध्ये तुमचं काम या पाद्र्याचं आहे.

आता आपल्याकडचं. पुण्याच्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेनं सांगली-मिरज-कुपवाड आणि इतर शहरांतल्या वस्त्यांचं घरनिहाय जीआयएस मॅपिंग केलंय, त्याबद्दल जे मिळेल ते वाचा. कुठल्या घरात शौचालय नाही आणि ड्रेनेजची लाइन कुठून जाते, हे एकाच नकाशावर आलं की कोणत्या घरात वैयक्तिक शौचालय लगेच होऊ शकतं आणि कुठे आधी लाइन टाकावी लागेल, ते स्पष्ट होतं. मग संस्था बांधकामाचं साहित्य दारात पोचवते आणि बांधणीचा खर्च कुटुंब करतं. म्हणजे त्यांचा नकाशा थेट कामाची यादी बनतो. तुमच्याही नकाशातून अशी यादी निघाली पाहिजे. नुसता रंगीत नकाशा प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये छान दिसेल, वस्तीला त्याचा उपयोग नाही.

म्हणून पहिली गोष्ट, प्रश्न एकच घ्या. 'वस्तीच्या सगळ्या गरजा' असं ठरवलंत तर साठ प्रश्नांची प्रश्नावली होते, लोक कंटाळतात आणि तुमच्या हाती नुसता पसारा उरतो. सोलापुरात असाल तर पाणी घ्या, असं मी सुचवेन. तिथे पाणी काही दिवसांआड येतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. सरकारी फॉर्मात 'नळ आहे की नाही' एवढंच विचारतात. तुम्ही विचारा: किती दिवसांआड येतं, किती वाजता, किती वेळ, साठवायला काय आहे, मोटार लावता का, आणि शेजारी मोटार लावतो तेव्हा तुमच्याकडे धार उरते का. हे घरनिहाय नकाशावर टाकलंत की लाइनच्या शेवटच्या टोकाची घरं आपोआप वेगळी दिसतील. वस्तीची सरासरी काढली असती तर हीच घरं झाकली गेली असती.

कामाची पद्धत थोडक्यात सांगते. गूगल अर्थवर वस्ती मोठी करून बघा, चित्र स्पष्ट असेल तर तेच चार-सहा तुकड्यांत मोठ्या कागदावर प्रिंट काढा. वस्तीतल्या दोन-तीन मुलामुलींना बरोबर घ्या आणि गल्लीगल्लीतून फिरत प्रत्येक घराला कागदावर पेननं नंबर द्या. फोनच्या जीपीएसवर विसंबू नका. पत्र्याच्या छपरांच्या दाट वस्तीत त्याची चूक सहज पाच-दहा मीटरची असते, आणि आपल्याकडे तेवढ्या जागेत दोन-तीन घरं बसतात. प्रश्नावली कोबो टूलबॉक्समध्ये बनवा. ते मराठीत चालतं, नेट नसताना फोनवर भरता येतं आणि तुमच्यासारख्या कामाला मोफत पुरतं. तोच घर नंबर प्रश्नावलीत पहिल्या रकान्यात हवा. नंतर क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घरांचे चौकोन काढायचे आणि घर नंबरावरून माहिती जोडायची. इथे एक काळजी घ्या: नंबर सगळीकडे एकाच पद्धतीनं लिहा. कुठे १२अ, कुठे १२-अ असं झालं की जोडणी फसते आणि मग कोणतं घर गळलं ते शोधत बसावं लागतं.

वेळ बघून जा. विडी वळणाऱ्या बायका कारखान्यात विड्या द्यायला जातात त्या वेळी गेलात तर घरात भेटतील ती लहान मुलं. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर ती भाषा येणारं वस्तीतलंच कुणीतरी सोबत हवं. नाहीतर सून जे सांगते आहे ते तुम्हाला मुलाच्या तोंडून अर्धंच ऐकायला मिळेल.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा टप्पा. कच्चा नकाशा तयार झाला की त्याचा मोठा फ्लेक्स छापा, समाजमंदिरात जमिनीवर अंथरा आणि लोकांना स्केचपेन द्या. बायकांची बैठक वेगळी घ्या, पुरुष नसताना.

एका वस्तीत आम्ही असा फ्लेक्स अंथरला होता. वस्तीच्या मागच्या अंगाला महापालिकेचं शौचालय होतं. स्वच्छ भारतच्या निकषात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक सीट धरतात, त्या हिशोबात ते जवळपास बसत होतं. मागच्या गल्लीतल्या घरांपासूनचं अंतरही नकाशावर अगदी थोडं दिसत होतं. साठीच्या एक मावशी बराच वेळ वाकून बघत होत्या. मग त्यांनी लाल पेन घेतलं आणि आपल्या घरापासून रेघ काढली. ती मागच्या गल्लीतून न जाता पुढे मोठ्या रस्त्यावर आली, देवळाला वळसा घालून पलीकडून शौचालयापर्यंत गेली. "अंधार पडल्यावर आम्ही अशा जातो. मागं पत्त्याचा अड्डा बसतो." शेजारच्या दोघींनी त्याच रेघेला आपापली घरं जोडली. एक जण म्हणाली, "माझी सून चार वाजल्यानंतर पाणीच पीत नाही." खोलीत कुणी काही बोललं नाही, आणि मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. कुठल्या सीटला कडी नाही, कुठला बल्ब कधीपासून गेलाय, सगळं नकाशावर आलं. त्या दिवशी ठरलेली मागणी दिव्यांची आणि कड्यांची होती. नवीन शौचालय त्या यादीत खूप खाली होतं. उपग्रहाच्या चित्रात ही लाल रेघ कधीच दिसली नसती. म्हणून गाइड घाई करत असले तरी ही बैठक गाळू नका.

गावाकडे हेच काम रांगोळी आणि खडे वापरून होतं, पीआरएच्या (लोकसहभागातून गावाची पाहणी करण्याच्या पद्धतीच्या) पेपरात तुम्ही ते शिकला असाल. वस्तीतही नेट-प्रिंटची सोय नसेल तर खुशाल तसं करा, नंतर फोटो काढून क्यूजीआयएसमध्ये उतरवता येतं.

एका प्रश्नाची तयारी करून जा, तो हमखास येणार: "नकाशा कशाला? पाडायला का?" ही भीती खरी आहे. महाराष्ट्रात झोपडपट्टीतल्या घराला संरक्षण मिळणार की नाही हे १ जानेवारी २०००, पुढे सशुल्क पुनर्वसनासाठी १ जानेवारी २०११ अशा तारखांच्या आधीपासून ते घर होतं का, यावर ठरत आलंय. कोणतं घर कधी उभं राहिलं हे लिहिलेला कागद चुकीच्या हातात पडला तर एखाद्या कुटुंबाचं छप्पर जाऊ शकतं. म्हणून घर कधी बांधलं, कागदपत्रं आहेत का, हे तुमच्या प्रश्नाला लागत नसेल तर विचारूच नका. टीबी, एचआयव्ही, घरातली मारहाण, एकटी राहणारी बाई, यातलं काहीही घर नंबरासह नकाशावर येता कामा नये. बाहेर जाणारा नकाशा गल्लीनिहाय ठेवा, घरनिहाय यादी वस्तीतल्या समितीकडे राहू द्या. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही बघता आणि बदलता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर भर घालायची इच्छा असेल तर रस्ते, सार्वजनिक नळ, अंगणवाडी, दवाखाना एवढंच घाला, तेही लोकांना विचारून. आणि माहिती गोळा करण्याआधी ती कोण बघणार हे प्रत्येक घरात साध्या शब्दांत सांगा. 'नाही' म्हणणाऱ्या घराचा चौकोन रिकामा सोडा, त्यानं तुमचं मूल्यमापन बिघडत नाही.

शेवटी मागणी. नकाशा आणि त्यातून निघालेली यादी एका पानावर मावली पाहिजे: कोणती गल्ली, किती घरं, काय हवं, कोणत्या खात्याकडून. पाणी, ड्रेनेज आणि विद्युत विभाग वेगळे असतात, त्यामुळे प्रत्येकाला वेगळा अर्ज द्या. अर्जावर सह्या वस्तीतल्या लोकांच्या असू द्या, कॉलेजचं पत्र सोबत जोडा. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जाताना तुम्ही मागे उभ्या राहा आणि बचत गटाच्या बायकांना बोलू द्या. पोच घ्या आणि तिची झेरॉक्स फ्लेक्ससोबत गटाकडे ठेवा, कारण तुमचं फिल्डवर्क वर्षाअखेर संपेल आणि पुढचा पाठपुरावा त्यांनाच करायचा आहे.