तुरुंगातली नोकरी: पगाराची चिठ्ठी कुणाची, ते आधी बघा

सप्रेम नमस्कार,

न्यू जर्सीत जन्मलेली तुमची लेक मानसशास्त्रात पीएचडी संपवते आहे, तिला कैद्यांवर उपचार करायचे आहेत आणि खासगी तुरुंग चालवणाऱ्या एका कंपनीची नोकरी समोर आहे. ‘तुरुंग तो तुरुंग, पगार कुणी का देईना,’ असं तुम्ही लिहिलंत. मला हे पटत नाही.

अमेरिकेत खून, दरोडा, घरफोडी हे बहुतांशी राज्याच्या कायद्याखालचे गुन्हे. म्हणून राज्यांच्या तुरुंगांत सुमारे १० लाख कैदी आहेत, तर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंगांत दीड लाखाच्या आसपास. खासगी कंपनीचे स्वतःचे कैदी नसतात. सरकार करार करतं आणि बहुधा माणशी, दिवसागणिक पैसे मोजतं. तो करार राजकारणावर हलतो. २०२१ मध्ये बायडेन यांनी फेडरल कैद्यांसाठीचे असे करार न वाढवण्याचा आदेश काढला, २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो रद्द केला. शिवाय २०१६ मध्ये न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी अशा कंत्राटी तुरुंगांची सरकारी फेडरल तुरुंगांशी तुलना केली, तेव्हा कंत्राटी तुरुंगांत सुरक्षा धोक्यात येण्याच्या घटना बहुतेक बाबतींत जास्त आढळल्या. पहिल्याच नोकरीत मुलीने तिथे जावं, असं मी म्हणणार नाही.

फेडरल नोकरीत निवृत्तिवेतन भक्कम आहे, पण तिथे मानसशास्त्रज्ञही आधी तुरुंग कर्मचारी मानला जातो. सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि साधारणपणे वयाच्या ३७व्या वर्षाआधी रुजू व्हावं लागतं.

राज्यांचं चित्र गोड नाही. कॅलिफोर्नियात गर्दीमुळे उपचारांची इतकी दैना झाली की २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैदी कमी करण्याचा आदेश कायम केला. तरीही गरज सर्वांत मोठी इथेच आहे, म्हणून माझा कौल राज्याकडे. फक्त एक जपा: काही राज्यांनी उपचारांचं काम कंपन्यांना दिलेलं असतं. न्यू जर्सीत ते अनेक वर्षं रटगर्स या सरकारी विद्यापीठाच्या विभागाकडे आहे. तिथे जरूर चौकशी करा.

तिच्यावर फेडरल शैक्षणिक कर्ज असेल तर हा फरक लाखमोलाचा आहे. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत परतफेडीच्या पात्र योजनेतले १२० मासिक हप्ते भरले, की उरलेलं कर्ज माफ होऊ शकतं. नफा कमावणाऱ्या कंपनीतल्या नोकरीला ही सवलत नाही.

कंपनीला होकार कळवण्याआधी तिला दोन गोष्टी विचारायला सांगा: एका मानसशास्त्रज्ञाकडे किती कैदी असतात, आणि त्यांच्याशी बोलायला बंद दाराची खोली मिळते की कोठडीच्या दारातूनच बोलावं लागतं?