मुका मार आणि हृदयाची झडप

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. गाडी धडकली तेव्हा भाच्याच्या छातीत स्टिअरिंग बसलं. दवाखान्याच्या हिंदी कागदावर ‘सीने में गुम चोट’ असं लिहिलंय. पुण्याच्या नणंदेला हे मराठीत कसं सांगायचं? ‘बोथट आघात’ म्हणायचं का? आणि वाल्वला ‘झडप’ म्हटलं की घरातली मुलं हसतात, ती का?

ताई, ‘बोथट आघात’ विसरा. बोथट सुरी असते, विळी असते. स्टिअरिंगला धार कधी होती, म्हणून ते बोथट व्हावं? आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, मुका मार. कातडी फाटली, रक्त आलं की ती जखम. ती दिसते, बोलते. वरून काही दिसत नाही आणि आत ठणकतं, तो मार मुका. हिंदीवाले म्हणतात खूण गुम झाली, आपण म्हणतो वाचा गेली. इंदुरात आपण सर्रास ‘चोट लागली’ म्हणतो, मीही म्हणतो. पण ‘मुकी चोट’ काही जिभेवर बसत नाही. तिथे मारच हवा.

मुलं हसतात, कारण हिंदीत ‘झड़प’ म्हणजे चकमक, बाचाबाची. दिलात झड़प झाली म्हटल्यावर कोण हसणार नाही! मराठीत घार झडप घालते, भूत झडपतं, आणि खिडकीलाही झडपा असतात. हृदयाची झडप या खिडकीच्या कुळातली. एकाच दिशेला उघडायचं, रक्त पुढे गेलं की मिटायचं. अशा चार झडपा. द्विदल, त्रिदल ही नावं तर पाकळ्या मोजूनच पडलीत.

मुक्या माराने यातली महाधमनीची, म्हणजे हृदयातून अंगभर रक्त नेणाऱ्या मोठ्या नळीच्या तोंडची, झडप जास्त वेळा फाटते असं दिसतं. ती मिटलेली असते तेव्हा तिच्या वरच्या अंगाला दाब जास्त असतो. नेमक्या त्या क्षणी छाती दाबली गेली की पाकळी टरकते. त्रिदल झडप उजव्या बाजूची, आणि हृदयाचा उजवा कप्पा छातीच्या हाडाला अगदी लागून. पण तिथे दाब कमी, त्यामुळे ती गळायला लागली तरी माणूस कधी कधी वर्षानुवर्षं हिंडतोफिरतो. द्विदलेचं गणित वेगळं: तिला ताणून धरणारे दोर तुटले तर दम लागायला वेळ लागत नाही.

गंमत अशी, की मार मुका असला तरी गळकी झडप मुकी नसते. रक्त उलटं फिरतं, त्याची खरखर डॉक्टरला नळीतून ऐकू येते आणि मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढतात.

तेव्हा नणंदबाईंना सांगा, ‘छातीला मुका मार लागलाय, झडप बघायला इको काढतायत.’ आणि मुलांसमोर खुशाल ‘व्हॉल्व’ म्हणा, पुण्यातही तेच म्हणतात.