इंग्लंडमध्ये अनुचित प्रभाव सिद्ध झाला, तर घरात घातलेले पैसे पूर्ण परत मिळतात का?

तुम्ही विचारलंय की, लेस्टरमध्ये राहणाऱ्या तुमच्या मावशीनं पुतण्याच्या शब्दावर घरात पैसे घातले, घर त्याच्या एकट्याच्या नावावर झालं. आता त्याचा अनुचित प्रभाव (म्हणजे विश्वासाचा गैरफायदा घेऊन तिच्याकडून व्यवहार करून घेणं) सिद्ध झाला तर तिला सगळी रक्कम मिळेल का. मी वकिली भारतात करतो, पण एलएलएमला हाच विषय होता, म्हणून लिहितो.

पूर्ण मिळेलच असं नाही. लोक नुकसानभरपाई डोक्यात धरून चालतात. इथला मुख्य उपाय मात्र करार रद्द करून घेण्याचा आहे. ज्यानं जे घेतलं ते त्यानं परत करायचं आणि दोघांनी होते तिथे जायचं. मधल्या काळात घराची किंमत पडली असेल, तर खरी पंचाईत होते.

'चीज विरुद्ध थॉमस' (1994) हा निकाल जवळपास तुमच्या मावशीचाच आहे. ऐंशी ओलांडलेल्या चीज आजोबांनी 43,000 पौंड दिले, नात्यानं नातू लागणाऱ्या थॉमसनं 40,000 पौंडांचं कर्ज काढलं आणि 83,000 चं घर थॉमसच्या नावावर घेतलं. आजोबांनी मरेपर्यंत तिथे राहायचं, असं ठरलं होतं. थॉमसनं हप्ते थकवले तसे आजोबा हबकले आणि पैसे परत मागू लागले. व्यवहार रद्द झाला, पण घर विकून हाती आले 55,400. आजोबांचं म्हणणं, माझे 43,000 पुरे द्या. अपील न्यायालयानं ते मानलं नाही. थॉमस लबाडीनं वागला नव्हता आणि घर दोघांच्या पैशांचं होतं, म्हणून तोटाही 43 ला 40 या प्रमाणात वाटला. आजोबांच्या वाट्याला साधारण 28,700 पौंड आले. मला हा हिशोब आजही थोडा निष्ठुर वाटतो, पण कायदा असा आहे.

सिद्ध करायचं कसं? वकील-अशील, डॉक्टर-रुग्ण, गुरू-शिष्य अशा काही नात्यांत प्रभाव असतोच, असं न्यायालय धरून चालतं. मावशी-पुतण्या त्यात बसत नाहीत (गंमत म्हणजे नवरा-बायकोही नाहीत). पैशांच्या बाबतीत तिची सगळी भिस्त त्याच्यावर होती हे दाखवायचं, आणि व्यवहार असा होता की कुणीही विचारावं, हिनं असं का केलं? एवढं जमलं की खुलासा करण्याची जबाबदारी पुतण्यावर जाते. तिनं स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेतला होता, हे त्याचं नेहमीचं उत्तर असेल. तो वकील कुणी गाठून दिला, सल्ला देताना पुतण्या खोलीत होता का, हे मावशीला आधी विचारा.

घर बँकेकडे गहाण असेल तर गुंता वाढतो. बायको नवऱ्याच्या कर्जाला जामीन राहते तेव्हा बँकेनं काय खबरदारी घ्यायची, ते तिथलं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं 2001 मध्ये 'एट्रिज'च्या निकालात ठरवून दिलं: वकिलानं तिला नवरा हजर नसताना, समोरासमोर आणि सोप्या भाषेत धोका सांगायचा. नवरा-बायकोपलीकडच्या बिगरव्यापारी नात्यांनाही तो लागू आहे. पण पुतण्यानं स्वतःच्याच नावावरचं घर गहाण टाकलं आणि मावशी कागदावर कुठेच नाही, तर बँकेविरुद्ध तिची बाजू लंगडी पडते.

आणि उशीर. 'ऑलकार्ड विरुद्ध स्किनर' (1887) मध्ये एका बाईनं धार्मिक भगिनीसंघात जाऊन आपली संपत्ती मुख्य भगिनीच्या हवाली केली. बाहेरच्या कुणाचा सल्ला घ्यायचा नाही, असा तिथला नियम होता. 1879 मध्ये ती बाहेर पडली, दावा लावला 1885 मध्ये. प्रभाव होता, हे न्यायालयानं मान्य केलं. तरी ती हरली, कारण मोकळी झाल्यावरही ती इतकी वर्षं गप्प बसली होती.

मावशी त्या घरातून कधी बाहेर पडली, आणि त्यानंतर तिनं पुतण्याला काही लिहून दिलंय का? एवढं कळवा, मग पुढचं सांगतो.