'नर्डल'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न थोडक्यात असा: मे 2025 मध्ये कोचीजवळ 'एमएससी एल्सा 3' हे मालवाहू जहाज बुडालं आणि केरळच्या किनाऱ्यावर साबुदाण्यासारखे पांढरे प्लास्टिकचे गोळे येऊन साचले. बातम्यांत त्यांना 'नर्डल्स' म्हटलं होतं. याला मराठी शब्द आहे का? आणि 'नर्डल्सची गळती झाली' हे बरोबर का?

शब्द आहे, आणि तुम्ही 'साबुदाण्यासारखे' लिहिलंत त्यातच तो आहे. बादल्या, पाइप, पिशव्या करणाऱ्या कुठल्याही कारखान्यात विचारा, या कच्च्या मालाला 'दाणा' म्हणतात. धारावीत जुनं प्लास्टिक वितळवून, त्याच्या तारा ओढून, त्या कापून जे करतात तोही दाणाच. शब्दकोशात हा अर्थ नसेल, पण हिशेबाच्या वहीत आहे. संस्कृतातली 'धाना' आणि फारसीतला 'दाना' ही एकाच घराण्यातली भावंडं, त्यामुळे शब्दाच्या कुळाबद्दलही कुणी नाक मुरडायचं कारण नाही.

'गोळी' म्हटलं की औषध नाहीतर बंदूक आठवते. मण्याला भोक लागतं. 'कणिका' सुचवणाऱ्यांनी एकदा कणीक मळून पाहावी. 'कण' त्यातल्या त्यात जवळचा, पण तो झिजून-तुटून झालेल्या सूक्ष्म प्लास्टिकसाठी राखून ठेवावा. दाणा झिजून लहान झालेला नसतो, तो दोन ते पाच मिलिमीटरचा मुद्दाम घडवलेला असतो. इंग्रजीत त्याला 'जलपरीचे अश्रू' असंही म्हणतात. ते मराठीत आणू नये. कारखान्याच्या मालाला परीकथा कशाला? खुद्द 'नर्डल'ची व्युत्पत्ती इंग्रजांनाही धड सांगता येत नाही. क्रिकेटमध्ये चेंडू हलकेच ढकलून एकेक धाव काढण्यालाही ते 'नर्डल'च म्हणतात.

आता वचनाची गंमत. व्यापारी 'दाणा आला का?' असं एकवचनात विचारतो, 'गहू आला का?' विचारावं तसं. तो माल असतो, मोजायचा नसतो, तोलायचा असतो. समुद्रात पडला की मात्र त्याचे 'दाणे' होतात. एक दाणा साधारण 20 मिलिग्रॅमचा, म्हणजे 25 किलोच्या एका गोणीत दहा-बारा लाख. ते वाळूतून चाळणीने वेचायचे. माशांना आणि पाखरांना ते गाबोळीसारखे दिसतात, म्हणून ती गिळतात.

कायदा अजून एकवचनातच अडकलाय. सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संहितेत धोकादायक मालाची यादी असते आणि दाणा तिच्यात नाही. त्यामुळे त्याचा कंटेनर डेकवर अगदी कडेला, वाऱ्यालाटांच्या तोंडी ठेवला तरी चालतं. एल्सावरच्या 640 कंटेनरपैकी 13 'धोकादायक' म्हणून जाहीर झाले. किनारा ज्याने भरला तो दाणा मात्र साध्या मालात मोडत होता. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2024 मध्ये शिफारशी केल्या: पॅकिंग मजबूत हवं, कागदपत्रांत दाण्याची स्पष्ट नोंद हवी, शक्य तिथे तो डेकच्या खाली ठेवावा. पण त्या शिफारशीच. पाळल्या नाहीत म्हणून कुणाला दंड होत नाही.

'गळती'बद्दल. गळतं ते पातळ: तेल, पाणी, फार तर वायू. 'तेलगळती' हा शब्द पक्का रुजलाय, आणि तिच्यामागे कायदाही पक्का आहे. टँकरमधून तेल गळलं तर मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येते, असा करार 1969 पासून आहे. दाण्यासाठी तसा खास करार नाही. धान्य जसं सांडतं तसा दाणा सांडतो, म्हणून 'दाणा सांडला' म्हणावं.

आणि हे क्रियापद मला फार आवडतं. 'दूध सांडलं' एवढंच म्हटलं तर ते आपोआप सांडलं की कुणी सांडलं, हे कळत नाही. घरातली मुलं या संदिग्धतेचा पुरेपूर फायदा घेतात. जुन्या मराठीत तर 'सांडणे' म्हणजे टाकणे, सोडून देणे. संतांच्या ओव्यांतलं 'सांडूनि' ते हेच. सगळा वाद नेमका इथेच आहे. जहाजावरून समुद्रात प्लास्टिक टाकायला 'मारपोल' या जहाजांचं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराने 1988 च्या अखेरीपासून बंदी आहे. पण पुरेशी काळजी घेऊनही जहाजाचं नुकसान होऊन ते पडलं, तर त्याला सूट आहे. टाकलं की पडलं, कर्ता आहे की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.

श्रीलंकेत हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला. 'एक्स-प्रेस पर्ल' जहाजावर मे 2021 मध्ये कोलंबोजवळ आग लागली. त्यावरच्या एका कंटेनरमधून आधीच नायट्रिक आम्ल गळत होतं (इथे 'गळत' बरोबर) आणि कतारमधल्या हमाद व आपल्या हजीरा बंदराने तो उतरवून घेतला नव्हता. जहाज बुडालं, सुमारे 1,680 टन दाणा त्यावर होता. जुलै 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जहाजाच्या मालक-चालकांना एक अब्ज डॉलर भरायला सांगितलं.

तेव्हा एल्साबद्दल लिहिताना सध्या 'जहाजातून दाणा सांडला' असं लिहा. 'जहाज कंपनीने दाणा सांडला' हेही व्याकरणात बसतं, पण त्या वाक्यातल्या 'ने'वर केरळ सरकारचा 9,531 कोटी रुपयांचा दावा उभा आहे.